मोजणीवाल्याच्या घराचा तडा

आमचं घर खचायला लागलंय ही बातमी मला मानवतहून कळाली. मी तेव्हा त्याच घरात, त्याच भिंतीला टेकून पोहे खात बसलो होतो. फोनवर मानवतच्या एका आडतीवरचे मुनीम होते. आमचं घर तेच घेणार होते. माणूस सज्जन. त्यांनी आधी सगळ्यांची तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं, आणि मग चोरट्यासारखा आवाज करून म्हणाले, "सर, घर बसायलंय, हे तुमी बोलला न्हाईत." मी ताटली खाली ठेवून वर पाहिलं. छत जागेवर होतं. पंखाही नेहमीसारखा कुरकुरत फिरत होता.

मुनिमांना लेकरांच्या शाळेसाठी परभणीत यायचं होतं. ते कर्ज काढणार, म्हणून बँकेनं घर तपासायला आपला इंजिनिअर पाठवला होता. त्यानं लिहून दिलं की मधल्या भिंतीला, दाराच्या कडेला भिंतीची जाडी दिसते तिथं, जमिनीपासून वरपर्यंत तडा आहे, पाया खचतो आहे, तडा नुकताच बुजवून झाकलेला आहे, सबब या घरावर कर्ज देऊ नये.

घर विकायची आम्हाला काही हौस आली नव्हती. दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. एक दिवसाआड वहिनी त्याला डायलिसिसला न्यायची आणि संध्याकाळी पिळून टाकलेल्या फडक्यासारखा परत आणायची. त्यांना मूलबाळ नाही. वहिनी आपलं एक मूत्रपिंड द्यायला तयार होती, तपासण्या जुळल्या होत्या. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं, पेशंटच्या अंगात ताकद आहे तोवर ऑपरेशन उरका. त्यासाठी लागणारा पैसा आमच्याकडं नव्हता. घर होतं. तेव्हा घर विकायचं, ऑपरेशन करायचं आणि मग सगळ्यांनी मिळून भाड्याच्या घरात राहायचं, असं दादासकट सगळ्यांच्या संमतीनं ठरलं होतं. दादाची संमती म्हणजे तो भिंतीकडं तोंड करून "बघा बाबा" म्हणाला होता, ती.

आता त्या तड्याबद्दल. परभणीत भिंतीला तडा नसलेलं घर मी तरी पाहिलेलं नाही. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावर घर बांधणं म्हणजे म्हशीच्या पाठीवर पाट मांडून जेवायला बसणं. आमच्या मधल्या भिंतीतला तडाही त्याच मातीचा, असं मी जन्मभर धरून चाललो होतो. दर दिवाळीला बाबा तो स्वतःच्या हातानं बुजवायचे, ते गेल्यावर मी बुजवू लागलो. उन्हाळा लागला की तो परत उघडायचा. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या आत्याबाईसारखं त्याचं येणंजाणं आम्ही गृहीत धरलं होतं.

इंजिनिअर येणार म्हणून मी हंगाम सोडून, भर पावसाळ्यात तो व्हाइट सिमेंटनं भरला आणि वरून रंगाचा पट्टा मारला. भिंतीचा जुना रंग पिवळट, माझा पांढराफेक. बैठकीत कुणीतरी धोतर वाळत घातल्यासारखं दिसायला लागलं. तो मुलगा, वयानं खरंच मुलगाच, दारात बूट काढून आत आला आणि थेट त्या पट्ट्यापुढं जाऊन उभा राहिला. बाकी घर त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"हे काय आहे, सर?" त्यानं विचारलं.

इथं एक सांगायला हवं, की मी शाळेत भूगोल शिकवतो. मातीचं नाव निघालं की मला थांबता येत नाही. मी त्याला काळी माती कशी तयार होते इथपासून सुरुवात केली. ती पाणी कशी धरते, पाया कसा हलतो, भिंती कशा उघडतात, सगळं सविस्तर. चहा झाला, मग बिस्किटं झाली. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. एवढा लक्ष देणारा विद्यार्थी मला फार वर्षांत मिळाला नव्हता.

बँकेत जाऊन मी तो अहवाल चुकीचा आहे म्हणून भांडलो, तेव्हा साहेबांनी शांतपणे सांगितलं, की पाया हलतो असं घरमालकांनी स्वतःच सांगितल्याची नोंद आहे. काही वेगळा पुरावा असेल तर इंजिनिअर पुन्हा येईल. माझ्याकडं पुरावा नव्हता, व्याख्यान होतं.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "जिथं गप बसायचं, तिथंच तुमचा तास असतो." आई शेजारी अंबाडीची भाजी निवडत बसली होती. निवडलेल्या पाल्यात ती काड्या टाकू लागली होती, हे बायकोनं पाहिलं, मी नाही.

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी दादा-वहिनी दवाखान्यात गेले आणि आईनं मला हाक मारून जवळ बसवलं. मधलं दार लावून घे म्हणाली. घरात तिसरं कुणी नसताना दार लावून घे म्हणाली, म्हणजे मला वाटलं आता मृत्युपत्राचं वगैरे निघणार.

"तो तडा न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या बाबांनीच तसं ठेवलंय. भिंत एक न्हाई, दोन हायेत."

बाबा सरकारी मोजणी खात्यात होते. जिल्ह्यातल्या गावोगाव जाऊन भावाभावांच्या वाटण्यांच्या मोजण्या करायच्या, हद्दी ठरवायच्या, खुणा रोवायच्या, हे त्यांचं काम. घरी ते कामाबद्दल बोलत नसत. आईनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. एकदा ताडकळसकडून ते सदरा फाटलेला असा परत आले. बांधावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले, सोडवायला बाबा मधी पडले. सदऱ्याचं त्यांना काही नव्हतं. त्यातल्या धाकट्याला थोरल्यानं लहानपणी खांद्यावर बसवून शाळेत नेलेलं त्यांना माहीत होतं, कारण तसं त्या दोघांच्या म्हाताऱ्या आईनं मोजणी चालू असताना बाबांना सांगितलं होतं. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या घराचं बांधकाम निघालं. आम्हा दोघा भावांना उन्हाळ्याच्या सुट्टीत पाथरीला मामाकडं धाडून दिलं आणि इकडं बाबांनी मधली भिंत दुहेरी बांधून घेतली. मधी चार बोटं जागा. वरचं छतही तिथंच तोडलेलं. मग दोन्हीकडून गिलावा करून ती फट झाकून टाकली. उद्या पोरं वेगळी झालीच, तर एका भिंतीवरून डोकी फुटायला नकोत. ज्याची त्याला.

मी ऐकत होतो आणि मला एकेक गोष्ट दिसायला लागली. आमच्या घराला पुढून दोन दारं आहेत. एक पाहुण्यांचं, एक घरच्यांचं, असं बाबा सांगायचे. दोन मोऱ्या, दोन न्हाण्या. गच्चीवर मधोमध चुन्याचा एक उंचवटा, पार पुढून मागपर्यंत. त्याच्यावर उभं राहून आम्ही पतंग उडवले. आणि मधल्या दाराचा उंबरा तर एवढा रुंद, की दादा आणि मी त्यावर पाठीला पाठ लावून बसायचो, तो त्याच्या खोलीकडं तोंड करून, मी माझ्या. आमच्याकडं किती जाड भिंती आहेत म्हणून मी वर्गात मिरवलेलं आहे. जगाचे नकाशे शिकवणारा माणूस, राहत्या घराचा नकाशा मला कळाला नव्हता.

"आमच्यावर भरवसा नव्हता का बाबांचा?" मी विचारलं.

"तुमच्यावर होता," आई म्हणाली. "माणसावर न्हवता." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "हे दादाला कळू देऊ नकोस. त्याला लय लागंल."

तिचं खरं होतं. एकत्र राहणं हा दादाचा अभिमान होता. कॉलनीत एकेक घर फुटत गेलं तसा तो आमचं उदाहरण द्यायचा. पगार वेगळे झाले तरी चूल एक ठेवली ती त्याच्याच हट्टानं. आणि आता त्याला सांगायचं, की बाबांनी पाया खणतानाच आपली वाटणी करून ठेवली होती. पण इंजिनिअरला बोलवायचं, गिलावा फोडायचा, तर दादाच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीतच. त्याला काय सांगणार, उंदीर शोधायलाव म्हणून?

मी डायलिसिसचा दिवस धरून इंजिनिअरला बोलावलं. तो यायला उशीर झाला आणि त्या दिवशी दवाखान्यातलं मशीन बंद पडल्यामुळं दादा लवकर परत आला. माझ्या आयुष्यातली गुप्त कामं सगळी अशीच पार पडली आहेत. मी छिन्नी धरून उभा, अंगावर गिलाव्याचा धुरळा, आणि दारात वहिनीच्या खांद्यावर हात टाकून दादा.

इंजिनिअर त्या फटीत उजेड टाकून बघत होता. आत दोन विटांच्या भिंती समोरासमोर सरळ खाली गेल्या होत्या, एकीचा दुसरीला स्पर्श नाही. मधी जळमटं आणि चिमणीच्या घरट्याचा वाळलेला काडीकचरा. तो मुलगा मनापासून ओशाळला होता. हा तडा नाही, मुद्दाम ठेवलेला सांधा आहे, दोन्ही भिंती ओळंब्यात आहेत, पायाला काही झालेलं नाही, माझी चूक झाली, असं तो दोनदा म्हणाला. चूक कबूल करणारा माणूस समोर असताना मला आनंद व्हायला हवा होता. मी दादाकडं बघत होतो.

दादा खुर्चीत बसला. आधी त्यानं त्या फटीकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. आईनं मान खाली घातली, त्यातच त्याला सगळं कळालं.

"मोजून बघा हो साहेब," तो इंजिनिअरला म्हणाला, "कुणाला जास्त दिलंय ते."

त्या मुलाला वाटलं खरंच मोजायचंय. त्यानं आपलं लाल ठिपक्याचं यंत्र काढून दोन्हीकडच्या खोल्या मोजल्या. दोन्ही बाजू अगदी सारख्या भरल्या.

"मोजणीवाला माणूस," दादा म्हणाला. तो हसला, आणि हसताना त्याला धाप लागली.

आता सगळं मार्गी लागेल असं मला वाटलं. इंजिनिअर दुरुस्त अहवाल पाठवणार, मुनिमांना कर्ज मिळणार, आम्ही संभाजीनगरला जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं मला बोलावलं आणि सांगितलं, "माझं अर्धं विक. तुझ्या अर्ध्याला हात लावायचा न्हाई."

मी म्हणालो, अर्ध्यात भागणार नाही. ऑपरेशननंतरची औषधं जन्मभराची असतात. तो म्हणाला, तुझा फंड काढ, तेवढ्यात होतंय. मी म्हणालो, फंड काढतो आणि घरही सगळं विकतो. तो म्हणाला, आईला या वयात भाड्याच्या खोलीत नेऊन मारतोस का. मी म्हणालो, घर बांधताना बाबांच्या मनात हे नव्हतं. तो म्हणाला, हेच होतं, दोघांतल्या एकाचं बुडालं तर दुसऱ्याचं उभं राहावं, नाहीतर भिंत कशाला घातली. घर आई आणि आम्हा दोघांच्या नावावर. त्याच्या सहीशिवाय सगळं घर विकता येत नव्हतं, आणि तो सही करत नव्हता.

बोलाचाली वाढली. मी त्याला हेकट म्हणालो, त्यानं मला भूगोलाचा मास्तर म्हणून हिणवलं. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोलणंच सोडलं. एका ताटातलं खाणारे आम्ही, निरोप धाडायला लागलो. "भाऊजी, ते म्हणतेत, फंडाचा अर्ज केला का ते विचार," असं वहिनी येऊन सांगायची, आणि मी म्हणायचो, "त्यांना म्हणावं आधी सही करा." दिवसा मधलं दार उघडंच असायचं. तो त्या खोलीत, मी या. बायको शेवटी वैतागून दोन्ही खोल्यांत ऐकू जाईल अशी म्हणाली, "घेण्यासाठी भांडणारे भाऊ लय बघितले. हे दोघं द्यायला भांडायलेत. आता घ्यायला कुणीतरी तिसरा आणा."

आई रोज दोघांपुढं येऊन बसायची. बोलायची नाही. तिला वाटत होतं, हे तिनं तोंड उघडल्यामुळं झालं. तिनं तसं वहिनीला बोलून दाखवलं.

पावसाळा संपला. दसरा गेला. इंजिनिअरची चूक त्यानं स्वतः काही दिवसांत दुरुस्त केली होती. आमचं भांडण त्याच्या कितीतरी पट चाललं. शेवटी हरलो मीच. दादाच्या पायावर सूज यायला लागली होती आणि वहिनी माझ्यापुढं येऊन एवढंच म्हणाली, "भाऊजी, अर्धं तर अर्धं." मी जाऊन त्याला हो म्हणालो. तो नुसता हं म्हणाला. मुनिमांनाही अर्धं चालणार होतं, कर्जही कमी काढावं लागणार होतं.

पण अर्धं विकायचं म्हणजे आधी कागदावर दोन हिस्से व्हायला हवेत, आणि हिस्से व्हायचे म्हणजे सरकारी मोजणी. बाबांच्याच खात्यात मी अर्ज दिला. अर्जांची रांग होती. माझ्या पुढं सगळे भाऊच असणार. मी कुणाला दोष देत नाही, बाबाही लोकांना असंच सांगत असतील, नंबर येऊ द्या म्हणून.

थंडी पडल्यावर मोजणीवाले आले. त्यातल्या एका पिकल्या माणसानं बाबांचं नाव ऐकून हात जोडले. त्यांनी सगळं घर मोजलं आणि हद्दीच्या खुणा लाल तेलरंगानं केल्या, एक पुढच्या ओट्यावर, एक मागं, आणि एक मधल्या दाराच्या उंबऱ्यावर, मधोमध. दादा शाल घेऊन बघत उभा होता. ते गेल्यावर आम्ही दोघंच तिथं राहिलो. किती तरी दिवसांनी तो माझ्याशी सरळ बोलला.

"तू लहानपणी खूण ओलांडून बसायचास," तो म्हणाला. "माझी पाठ नेहमी पुढं ढकलायचास."

"तेव्हा खूण कुठं होती?"

"होती की. दिसत न्हवती."

त्या आठवड्यात त्याला थंडी वाजून ताप भरला. डायलिसिसच्या नळीतून जंतू रक्तात गेले होते. संभाजीनगरला नेलं. डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढला नाही आणि आम्ही विचारलं नाही. वहिनी तपासण्यांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसून होती. सगळं जुळत होतं तिचं, रक्तही आणि बाकीचंही. तिच्याच्यानं ती पिशवी बाजूला ठेवणं होईना. दादा तिथून जिवंत परत आला नाही.

दिवस झाल्यानंतर मुनीम मानवतहून भेटायला आले. निघताना दारात घुटमळले, आणि मला बाजूला घेऊन, जणू काही गुन्हा करतोय अशा आवाजात म्हणाले, "सर, आता बोलू का नको, पर बँकेचा कागद आलाय. आपल्या अर्ध्याचा. घर मजबूत हाय म्हणतेत. पाया बी पक्का हाय."

वहिनी आतून ऐकत होती. "त्यांना म्हणावं," ती म्हणाली, "आता कशाला?"

मुनिमांनी तिच्याकडं न बघता हात जोडले आणि ते गेले. पुढं त्यांनी दुसरीकडं घर घेतलं असं कळालं. मी त्यांना बरं घर मिळालं का म्हणून फोन करायचं ठरवतो, आणि करत नाही.

घर होतं तसं आहे. अर्धं आता वहिनीच्या नावावर झालं, चूल एकच आहे. मी फोडलेला गिलावा तसाच आहे. पुढच्या दिवाळीला बायकोनं विचारलं, बुजवायचं का. आईनं नको म्हणून मान हलवली. त्या फटीतून पलीकडचं काही ऐकू येत नाही. एवढी वर्षं आमची बायको या घराचं कौतुक करायची, की या खोलीतलं त्या खोलीत जात नाही, बांधकाम चांगलं आहे. दादा शेवटी शेवटी रात्रभर खोकायचा, असं वहिनी आता सांगते. आम्हाला कधी ऐकू आलं नाही.

संध्याकाळी लाईट गेली की मी मधल्या उंबऱ्यावर जाऊन बसतो, माझ्या खोलीकडं तोंड करून. लाल रंग अजून उडालेला नाही. आता मी खूण ओलांडत नाही. ताठ बसावं लागतं, मागं टेकायला काही नाही, आणि थोड्याच वेळात पाठ भरून येते.